गणदासाचा वर्ग आणि मोबाइलमधला सरावपाठ

शिक्षक होऊ पाहणाऱ्यांचे सेवापूर्व शिक्षण आणि शिक्षक झालेल्यांचे सेवांतर्गत प्रशिक्षण या दोहोंना मिळून शिक्षक-शिक्षण म्हटले जाते. त्यात संप्रेषण तंत्रज्ञान शिरून अर्धशतक लोटले. रेडिओमागून दूरचित्रवाणी, तिच्यामागून उपग्रह, संगणक आणि आता मोबाइल अशी साधने बदलत गेली. या साधनांनी नेमके काय वाहून न्यावे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. बहुतेक वेळा त्यांनी मध्यवर्ती ठिकाणी बसलेल्या तज्ज्ञाचे बोलणे दूरच्या शिक्षकापर्यंत नेले. वर्गात जे घडले ते त्याच शिक्षकाला आणि त्याला शिकवणाऱ्यांना पुन्हा ऐकता-पाहता यावे, अशा उलट दिशेने ती फार थोडी वापरली गेली, आणि प्रस्तुत लेखाचा रोख या उपेक्षित दिशेकडे आहे.

हा प्रश्न रामटेक तालुक्यात ठेवून पाहिला, तर त्याचे दोन्ही पदर नीट दिसतात. नागपूरच्या ईशान्येला सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या या गावात १८ सप्टेंबर १९९७ रोजी स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय आहे, आणि तेथे ज्या विद्येचा अभ्यास होतो ती शतकानुशतके गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानापर्यंत प्रवास करत टिकलेली आहे. त्याच तालुक्यात मनसर ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने देवलापारकडे गेले, की पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलालगतची गावे लागतात. तेथील अनेक घरांत मुले गोंडी बोलत वाढतात आणि शाळेत आल्यावर मराठीला सामोरी जातात. अध्यापक महाविद्यालयाचे व्याख्यान आणि या मुलांचा वर्ग यांतले अंतर किलोमीटरमध्ये मोजले तर थोडे आहे.

पुढील संवादातील दोन्ही वक्ते कल्पित आहेत, त्यांचे युक्तिवाद मात्र शिक्षकांच्या आणि प्रशिक्षकांच्या बैठकींत नित्य ऐकू येणारे आहेत. त्यांपैकी एक अध्यापक महाविद्यालयात संस्कृत अध्यापनपद्धती शिकवणारे प्राध्यापक असून तंत्रज्ञानाचे पुरस्कर्ते आहेत. दुसऱ्या वक्त्या केंद्रप्रमुख आहेत, म्हणजे आसपासच्या काही जिल्हा परिषद शाळा मिळून जे केंद्र होते त्याची शैक्षणिक जबाबदारी सांभाळणाऱ्या. त्याआधी त्यांनी स्वतः प्राथमिक वर्ग शिकवलेले आहेत.

प्राध्यापक : मॅडम, या विषयाचा आरंभ मोबाइलपासून केला की चर्चा लगेच मोबाइलच्या दुष्परिणामांवर घसरते, म्हणून तो १९७५ पासून करावा. त्या वर्षी १ ऑगस्टला अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर चालला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण शिक्षक-शिक्षणासाठी त्यातली एक गोष्ट मोलाची आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये सुमारे २४,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण अवघ्या १२ दिवसांत दिले गेले. एवढे शिक्षक एकेका वर्गात बसवून शिकवायचे ठरवले असते, तर किती वर्षे लागली असती, आणि शेवटच्या वर्गापर्यंत मूळ आशयातले किती उरले असते?

केंद्रप्रमुख : उरले नसते, हे मान्य आहे, सर. राज्यस्तरावर प्रशिक्षण झालेल्यांनी जिल्ह्यात, जिल्ह्यातल्यांनी तालुक्यात आणि तालुक्यातल्यांनी केंद्रात शिकवायचे, या उतरंडीच्या पद्धतीत पाच दिवसांचा विषय केंद्रापर्यंत येता येता दोन तासांचा होतो आणि त्यातही एक तास चहापाणी व हजेरीपत्रकाचा असतो. मात्र उतरंड काढून टाकली म्हणजे प्रशिक्षण झाले, असेही नाही. २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांनी सुरू झालेला ‘निष्ठा’ हा राष्ट्रीय कार्यक्रम महासाथीमुळे २०२० मध्ये ‘दीक्षा’ या मंचावर ऑनलाइन आला आणि त्याचे १८ घटकसंच प्रत्येक शिक्षकाच्या मोबाइलपर्यंत पोहोचले. पोहोचल्यावर काय झाले, ते कोणत्याही शिक्षकाला विचारावे. चित्रफीत एकीकडे चालू राहते आणि शिक्षक दुसरीकडे हजेरी घेत असतो. शिक्षकांच्या मोबाइलवरील गटावर विचारणा होते ती ‘प्रमाणपत्र निघाले का’ एवढीच, आणि उत्तर म्हणून स्क्रीनशॉट टाकला जातो.

प्राध्यापक : हा दोष शिक्षकाचा झाला, साधनाचा कसा?

केंद्रप्रमुख : साधनाचाही आहे, कारण ज्या मोबाइलवर प्रशिक्षण येते त्याच मोबाइलवर शालेय पोषण आहाराची आकडेवारी, गुगल फॉर्म, छायाचित्रांची मागणी आणि ‘तात्काळ माहिती सादर करावी’ असे आदेश येतात. सकाळपासून दहा लिंका येऊन गेल्यावर अकरावी लिंक अध्यापनशास्त्राची आहे, हे शिक्षकाच्या लक्षात यावे अशी अपेक्षा करता येत नाही. तो तीही ‘भरून’ टाकतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हेतू उत्तम आहे, पण तास मोजता येतात म्हणून तासच मोजले जातात.

केंद्रप्रमुखांच्या या उत्तरातला महत्त्वाचा मुद्दा शिक्षकांच्या आळसाविषयीचा नाही. संप्रेषणाचे एखादे साधन प्रशासनाने आधी ताब्यात घेतले, तर त्या साधनातून नंतर येणारे शिक्षणही प्रशासनाचाच आवाज घेऊन येते, असे त्या सांगतात, आणि महाराष्ट्रातील शिक्षकांचा अनुभव याला पुष्टी देतो. २००१ मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम शिक्षकांच्या चर्चेत पुढे अनेक वर्षे राहिला तो संगणकामुळे नव्हे, तर तो विहित मुदतीत पूर्ण न केल्यास वेतनवाढीचे काय होणार या चिंतेमुळे. ज्या विषयाची पहिली ओळख वसुलीच्या भीतीने होते, त्याच्याबद्दल कुतूहल उरणे कठीण असते.

तथापि ‘साइट’चा दाखला प्राध्यापक देतात तोही अर्धाच आहे. त्या १२ दिवसांत शिक्षकांना केवळ पडद्यासमोर बसवले नव्हते. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांना रेडिओची, छापील साहित्याची, स्वतः करून पाहायच्या प्रयोगांची आणि प्रत्येक केंद्रावर उपस्थित असलेल्या मार्गदर्शकाची जोड होती. शंका विचारायला समोर माणूस होता. पुढच्या काळात तंत्रज्ञान स्वस्त होत गेले आणि माणूस तुलनेने महाग ठरला, तेव्हा या जोडणीतून आधी माणूस वगळला गेला. याला एक ठळक अपवाद नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने सेवेतील शिक्षकांसाठी दूरशिक्षणाने बी.एड. चालवले, तेव्हा स्वयं-अध्ययनाची पुस्तके हा त्याचा कणा होता आणि अभ्यासकेंद्रावरची संपर्क सत्रे टाळता येत नव्हती. उपग्रहाच्या मानाने पुस्तक हे जुनाट साधन खरे, पण ते रात्री जेवणानंतर उघडता येते आणि कोणाला स्क्रीनशॉट पाठवावा लागत नाही. पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेली आणि शैक्षणिक कार्यक्रमांची निर्मिती करणारी बालचित्रवाणी ही संस्था २०१७ मध्ये बंद पडली. कार्यक्रम तयार करणे आणि ते शिक्षकाच्या कामात रुजवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्या इतिहासातूनही दिसते. २०२० च्या टाळेबंदीत आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा मुलांसाठीचा कार्यक्रम प्रसारित झाला, तो जेथे मोबाइलचे जाळे पोहोचत नाही अशा घरांतही ऐकता येण्याजोगा होता. साधन नवे असण्यापेक्षा ते घरात असणे महत्त्वाचे ठरते, एवढे त्यावरून म्हणता येते.

प्राध्यापक : मार्गदर्शक वगळला ही चूक झाली, हे मान्य करू. तरीही तज्ज्ञाचे बोलणे पोहोचवणे हाच तंत्रज्ञानाचा उपयोग आहे, असे धरून चालण्याचे कारण नाही. सूक्ष्म अध्यापनाचा जन्म आठवावा.

येथे थोडे थांबून सूक्ष्म अध्यापन म्हणजे काय ते पाहणे आवश्यक आहे, कारण अध्यापक महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने ते केलेले असते आणि त्याचा मूळ हेतू फार थोड्यांना ठाऊक असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली. संपूर्ण तास, संपूर्ण वर्ग आणि अध्यापनाची सगळी कौशल्ये एकदम हाताळण्याऐवजी छात्राध्यापकाने, म्हणजे प्रशिक्षणार्थी शिक्षकाने, मोजके विद्यार्थी घेऊन, काही मिनिटांत, प्रश्न विचारणे किंवा उदाहरण देणे यांसारखे एकच कौशल्य वापरून शिकवावे. त्याचे चित्रमुद्रण लगेच पाहावे. दोष ओळखून पाठाची फेरआखणी करावी आणि पुन्हा शिकवावे, असे त्याचे स्वरूप होते. त्या काळी नव्याने उपलब्ध झालेला व्हिडिओ टेपरेकॉर्डर हा या पद्धतीचा प्राण होता, कारण शिकवत असताना शिक्षकाला स्वतःचे शिकवणे दिसत नाही. भारतात ही पद्धत आली तेव्हा महाविद्यालयांकडे असे यंत्र असणे शक्य नव्हते, म्हणून बडोदे येथे आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत तिचे भारतीय रूप घडवले गेले. त्यात विद्यार्थी म्हणून सहाध्यायी बसतात, यंत्राऐवजी तेच निरीक्षण करतात, आणि ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे फेरनियोजन, ६ मिनिटे पुनराध्यापन व ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण असे ३६ मिनिटांचे चक्र पूर्ण केले जाते. प्रत्याभरण म्हणजे केलेल्या कृतीबद्दलची माहिती करणाऱ्याकडे परत येणे. अडचणीतून काढलेली ही वाट कल्पक होती, यात शंका नाही. परंतु जे परत यायचे होते ते पाठाचे चित्र होते, आणि परत आले ते मित्रांचे मत.

केंद्रप्रमुख : आणि मित्रांचे मत काय असते, ते कोणत्याही छात्राध्यापकाची फाइल उघडून वाचता येते. ‘आवाज स्पष्ट होता’, ‘फलकलेखन सुधारावे’, ‘विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला’. आज निरीक्षण करणाऱ्याचा पाठ उद्या असतो, त्यामुळे कोणीही कोणाचे बिघडवत नाही. पुष्कळ ठिकाणी पाठ होण्याआधीच निरीक्षणाचा तक्ता भरून तयार असतो. सूक्ष्म अध्यापन शिल्लक राहिले आहे ते फाइलच्या पुठ्ठ्यात.

प्राध्यापक : तेच म्हणायचे आहे. पन्नास वर्षांपूर्वी यंत्र नव्हते म्हणून तंत्र लुळे पडले. आज प्रत्येक छात्राध्यापकाच्या खिशात त्या टेपरेकॉर्डरहून कितीतरी सरस यंत्र आहे आणि महाविद्यालय ते वर्गाबाहेर ठेवायला सांगते! राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी किमान २० आठवडे राखून ठेवले. या आंतरवासितेत छात्राध्यापकाने आठवड्यातून एकदा जरी आपल्याच तासातील दहा मिनिटे मुद्रित करून ऐकली, तरी वर्षभराच्या व्याख्यानांनी होत नाही ते होईल.

केंद्रप्रमुख : काय होईल, ते नेमके सांगावे. ‘आत्मपरीक्षण होईल’ असे नको.

या मागणीवर प्राध्यापकांनी दिलेले उत्तर संवादातील सर्वांत भरीव भाग आहे, म्हणून ते विस्ताराने मांडणे योग्य ठरेल. त्यांनी चित्रमुद्रणाऐवजी आधी केवळ ध्वनिमुद्रणाचा विचार केला, कारण ध्वनीला कमी जागा लागते, इंटरनेट लागत नाही, मोबाइल टेबलावर पालथा ठेवता येतो आणि मुले कॅमेऱ्याकडे पाहून वागत नाहीत. त्यांनी योजलेले उदाहरण असे. डी.एल.एड.चा एक छात्राध्यापक जंगलालगतच्या शाळेत चौथीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत आहे. त्याने कागदाची घडी घालून चार समान भाग केले आहेत आणि तो विचारतो, “एक पूर्ण व्हायला असे किती भाग लागतील?” त्याच्या आठवणीत हा प्रसंग असा नोंदला जातो, की प्रश्न विचारला, मुले गप्प राहिली, म्हणून उत्तर सांगितले. मुद्रण ऐकल्यावर वेगळेच आढळते. प्रश्न संपल्यापासून ‘चार, बरोबर?’ हे त्याचे स्वतःचे उत्तर येईपर्यंत जेमतेम एक सेकंद गेलेला असतो. त्यानंतर वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, आणि त्या ‘हो’च्या खाली, मागच्या बाकावरून, शेजारच्या मुलाला सांगितल्यासारखा एक दबका शब्द ऐकू येतो, ‘नालूंग’. गोंडीत नालूंग म्हणजे चार. उत्तर वर्गात होते, अगदी बरोबर होते, फक्त ते शिक्षकाच्या कानापर्यंत गेले नाही.

प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतो, याला अध्यापनशास्त्रात प्रतीक्षाकाल म्हणतात. अमेरिकन विज्ञान-शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रणांच्या आधारेच दाखवून दिले, की शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात आणि हा काळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या घटते. दोन सेकंदांचा हा फरक निरीक्षकाच्या डोळ्यांनी टिपता येत नाही आणि शिकवणाऱ्याला तर जाणवतच नाही. बी.एड.च्या अभ्यासक्रमात ज्याची व्याख्या पाठ करून घेतली जाते, त्या फ्लँडर्सच्या आंतरक्रिया-विश्लेषणाचेही असेच आहे. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चालले आहे याची नोंद करून ती दहा प्रकारांत वाटायची, त्यांतले सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा, अशी ती पद्धत आहे. चालू तासात ती वापरणे दमछाक करणारे असते, पण मुद्रण थांबवत-थांबवत ऐकताना ती कोणालाही वापरता येते आणि आपण किती बोलतो याचा हिशेब आपल्याच हस्ताक्षरात समोर येतो.

केंद्रप्रमुख : हे पटण्यासारखे आहे. पण सर, ‘नालूंग’ ऐकू येण्यासाठी नालूंग म्हणजे चार हे माहीत असावे लागते. छात्राध्यापक नागपूरचा, मार्गदर्शक प्राध्यापक भंडाऱ्याचे. दोघांच्याही कानाला तो शब्द म्हणजे मागच्या बाकावरची गडबड. मोबाइल आवाज पकडून ठेवतो, त्याचा अर्थ तो सांगत नाही. पुन्हा माणसापाशीच यावे लागते.

प्राध्यापक : यावेच लागते, आणि संप्रेषणाचा खरा उपयोग तेथे सुरू होतो. त्याच तुकडीत गोंडी जाणणारी एखादी छात्राध्यापिका असते, किंवा त्याच केंद्रात वीस वर्षे काढलेला एखादा शिक्षक असतो. दोन मिनिटांचा तुकडा त्याला पाठवता येतो. आजवर तज्ज्ञाचे बोलणे गावाकडे गेले; येथे गावातले बोलणे, ते ज्याला समजते त्याच्याकडे जाईल, आणि या एका शब्दापुरता तज्ज्ञ कोण ते बदलेल. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्याऐवजी असे दोन तुकडे ऐकले, तर काय बिघडेल?

केंद्रप्रमुख : परिपत्रके वाचायची राहतील, एवढेच बिघडेल. पण त्यापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. पाठाचे मुद्रण एकदा तयार झाले, की ते कोणाचे?

प्रश्न अनपेक्षित होता, आणि प्राध्यापकांनी त्याला कालिदासाच्या साहाय्याने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. रामटेकच्या परिसरात कालिदास म्हटले की मेघदूत आठवते आणि आधुनिक संदेशवहनाशी त्याचा संबंध जोडण्याची हौस अनेक समारंभांतील वक्त्यांनी भागवून घेतलेली आहे. प्राध्यापकांनी सुदैवाने ती वाट टाळून ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकाकडे बोट दाखवले. त्याच्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांमध्ये श्रेष्ठ कोण असा वाद लागतो आणि निवाड्याचे काम परिव्राजिका कौशिकी हिच्याकडे येते. नाट्यविद्या ही प्रयोगाची विद्या असल्यामुळे तिच्याबाबत शाब्दिक वाद व्यर्थ आहे, असे तिचे मत पडते. काही जणांच्या अंगी स्वतःची विद्या चांगली असते, तर काहींना ती दुसऱ्याच्या ठायी उतरवण्याचे कौशल्य साधलेले असते, आणि ज्याला दोन्ही साधते तोच शिक्षकांमध्ये अग्रभागी ठेवावा, असा निकषही ती सांगते. म्हणून दोघांच्या शिष्यांचा प्रयोग पाहायचे ठरते.

प्राध्यापक : शिक्षकाची पारख त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर शिष्याच्या प्रयोगावरून करावी, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या जुन्या ग्रंथांत आले असेल. मुद्रण हे त्या प्रयोगाचेच साधन आहे. पाठ सर्वांसमोर मांडायला गणदास कचरला नाही. मग आजच्या शिक्षकाने का कचरावे?

केंद्रप्रमुख : नाटक पुढे वाचले, तर कारण कळते, सर. तो वाद आपोआप लागलेला नव्हता. राजाला गणदासाची शिष्या मालविका दिसावी म्हणून विदूषकाने तो घडवून आणला होता. धारिणी राणीला संशय आला होता आणि ती ही परीक्षा टाळू पाहत होती. गणदास मात्र आपल्या विद्येच्या अभिमानात परीक्षेला तयार झाला. म्हणजे शिक्षकाला वाटले की आपले अध्यापन पाहिले जात आहे, आणि पाहणाऱ्याला पाहायचे होते भलतेच. पाठाचे मुद्रण एकदा वरच्या कार्यालयात गेले की असेच होते. मुलांना प्रश्न कसे विचारले हे कोणी ऐकणार नाही. भिंतीवरचा तक्ता फाटका का, पटावर २३ आणि वर्गात १४ का, शिक्षक गणवेशात का नाही, हे पाहिले जाईल. चांगले वर्ग निवडून त्यांच्या चित्रफिती कार्यक्रमांत दाखवल्या जातील. हे कळायला शिक्षकांना वेळ लागत नाही. दुसऱ्या महिन्यापासून मुद्रणासाठी वेगळा पाठ बसवला जाईल, हुशार मुले पुढे बसवली जातील, उत्तरे आदल्या दिवशी पाठ करून घेतली जातील, आणि मागच्या बाकावर कोणी नालूंग म्हणणार नाही, कारण तो मुलगा त्या दिवशी मैदानात पाठवलेला असेल.

प्राध्यापकांकडे यावर तयार उत्तर नव्हते, आणि खरे तर तंत्रज्ञानाच्या पुरस्कर्त्यांकडे ते सहसा नसते. पाहणारा बदलला की पाहिली जाणारी कृतीही बदलते, हा नियम शाळा-तपासणीच्या जुन्या काळापासून शिक्षकांना ठाऊक आहे. मोबाइलने त्यात भर घातली ती एवढीच, की पूर्वी तपासनीस वर्षातून एकदा येत असे आणि आता तो येण्याची शक्यता प्रत्येक तासाला असते. याखेरीज वर्गातील मुलांचा आवाज आणि चेहरा हीदेखील त्यांची खासगी माहिती आहे; डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकाच्या संमतीचे तत्त्व मान्य केलेले आहे. ज्या गावात पालकाला मराठी अर्जही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, तेथे ही संमती म्हणजे अंगठ्याचा आणखी एक ठसा ठरू नये, याची काळजी महाविद्यालयानेच घ्यावी लागेल. केवळ ध्वनी मुद्रित करणे, तो ठरावीक मुदतीत पुसून टाकणे आणि मुलांची नावे येणारा भाग कोणालाही न पाठवणे, इतके नियम तरी आंतरवासितेच्या सूचनांत लिखित असावेत, याबाबत दोघांचे एकमत झाले.

मतभेद राहिला तो गुणांबाबत. केंद्रप्रमुखांची अट अशी होती, की मुद्रण छात्राध्यापकाच्या स्वतःच्या मोबाइलवरच राहावे, त्यातील कोणता तुकडा कोणाला ऐकवायचा हे त्यानेच ठरवावे आणि त्या तुकड्यावर एकही गुण दिला जाऊ नये. गुण आले की फाइल येते, आणि फाइल आली की सूक्ष्म अध्यापनाचे जे झाले तेच याचेही होईल.

प्राध्यापक : मग ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तो कधीच काही ऐकवणार नाही. महाविद्यालयावर केवळ शिकवण्याची जबाबदारी नाही. हा माणूस वर्गात उभा राहण्यास पात्र आहे, असे लिहून देण्याचीही आहे. ती जबाबदारी हलकेपणाने घेतल्यामुळे काय होते, ते याच राज्याने पाहिले आहे. डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा महाराष्ट्रातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून नेमल्या गेलेल्या न्यायमूर्ती वर्मा आयोगाने २०१२ मध्ये शिक्षक-शिक्षणाच्या दर्जाबद्दल अहवाल दिला. पुरावा समोर असताना त्याकडे पाहायचे नाही, असे कसे म्हणता येईल?

केंद्रप्रमुख : पात्रता ठरवायला निराळा पाठ घ्यावा, परीक्षक बोलवावेत, हवे तर त्याचे मुद्रणही करावे; तो परीक्षेचा पाठ आहे हे सगळ्यांना माहीत असेल. शिकण्यासाठीचे मुद्रण आणि परीक्षेसाठीचे मुद्रण एकाच मोबाइलमध्ये असले, तरी ते एकाच नोंदवहीत नसावे.

प्राध्यापकांना ही विभागणी व्यवहार्य वाटली नाही. वीस आठवडे ज्याची प्रगती मार्गदर्शकाने डोळ्यांआड ठेवायची, त्याला अखेरच्या एका पाठावरून तोलणे अन्यायाचे होईल, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते सहज बाजूला सारण्याजोगे नाही. केंद्रप्रमुखांनी त्यावर प्रतिवाद केला नाही. त्याऐवजी त्यांनी एक विनंती केली: येत्या सत्रात छात्राध्यापकांना मुद्रण करायला सांगण्यापूर्वी प्राध्यापकांनी आपले एक व्याख्यान, शक्यतो प्रश्नकौशल्यावरचे, मुद्रित करून छात्राध्यापकांच्या हाती द्यावे आणि फ्लँडर्सच्या दहा प्रकारांत त्याचा हिशेब त्यांनाच मांडू द्यावा.

प्राध्यापकांनी किंचित विचार करून होकार दिला. फक्त ते मुद्रण प्राचार्यांकडे किंवा मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीकडे जाऊ नये, अशी अट त्यांनी घातली, आणि केंद्रप्रमुखांनी ती तत्काळ मान्य केली.